चौकशी करून

माझे सासरे दत्तोपंत बेळगावात अर्ज लिहिणारे म्हणून ओळखले जात. कचेरीच्या आवाराबाहेर चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत एक घोंगडी, उतरतं मेज, दौत, बोरू आणि शाई टिपायला वाळूची डबी, एवढा त्यांचा संसार. घरचा संसार आम्ही सांभाळत होतो, तो त्यांना फारसा माहीत नव्हता. मी त्यांना मामंजी म्हणे. माझं नाव विनोदिनी खरं, पण आमच्या घरात विनोद करण्याचा मक्ता मामंजींकडे होता आणि तो ते कुणाला देत नसत.

अर्ज लिहिण्याचे त्यांचे नियम ठरलेले. कागद उभा मधोमध दुमडायचा. उजव्या अर्ध्या भागात अर्ज, डावा अर्धा कोरा. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं, "मामंजी, एवढा कागद वाया का घालवता?" तर म्हणाले, "सूनबाई, तो भाग साहेबांचा. आपण सगळा कागद भरून टाकला तर साहेबांनी शेरा कुठं मारायचा, माझ्या टोपीवर?" दुसरा नियम असा की साहेब वरची ओळ वाचतात आणि खालची ओळ वाचतात, मधलं सगळं कारकुनासाठी असतं. म्हणून खालची ओळ ते फार जपून लिहीत. मोडीतलं त्यांचं अक्षर एका वळणाचं होतं, आणि शेवटच्या ओळीला ते वळण जास्तच डौलदार होई.

आमच्याकडे उचगावापलीकडच्या खालच्या वाडीची गुणाबाई लोणी घेऊन येई. पहाटे निघायची, डोक्यावर बुट्टी, चालत. पण होळी झाली की तिचं येणं बंद व्हायचं ते पाऊस लागेपर्यंत. कारण नारू. पायाला फोड येतो, फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढतो. तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत बाहेर काढायचा, कधी हातभर, कधी दीड हात. घाईत तुटला तर पाय सुजतो आणि गुडघा धरतो तो कायमचा. गुणाबाईच्या नवऱ्याचा, भरमूचा, असाच तुटला होता. तो काठी टेकत चाले. वाडीत नारूवाचून घर सापडणं कठीण. गुणाबाईच्या घरात फक्त तिची मुलगी मालू तेवढी सुटली होती. चौदा-पंधरा वर्षांची पोर, दोन्ही पाय धड. आईबरोबर यायची तेव्हा आमच्या पायऱ्यांवरून उड्या मारत उतरायची आणि मी ओरडायची. जवळच्या मच्छे गावात तिची सोयरीक ठरत आली होती. गुणाबाईला दुसरं काही नको होतं. पोरीनं दोन पायांवर चालत सासरी जावं, एवढंच.

एकोणीसशे चौतीस साली आमच्या आळीत उपेंद्रराव राहायला आले. पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तिशीचे असतील. रजा घेऊन नारूचा अभ्यास करायला आले होते. दीड वर्ष ते उचगावच्या बाजूच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालत होते. सायकलला सूक्ष्मदर्शकाची पेटी बांधलेली, आणि अंगात तोच एक कोट. गुणाबाईला त्यांनी एकदा आमच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसवून बावेच्या पाण्याचा थेंब दाखवला. तिकडे विहिरीला बाव म्हणतात. तिनं डोळा लावला आणि मागं सरली.

"आगं बया! ह्ये हुंदडतंय काय ह्यात? आमी ह्येच पितो व्हय?"

"हेच पिता. बावेला पायऱ्या आहेत ना? नारूवाला माणूस पाणी भरायला पायऱ्या उतरतो, पाय पाण्यात जातो, नारूची पिल्लं पाण्यात पडतात. ती ह्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, किडे तुमच्या पोटात. वर्षानं तुमच्या पायातून नारू निघतो. पायऱ्या बंद करून वर कठडा बांधला, कप्पी लावली, पोहऱ्यानं वरूनच पाणी काढलं, तर दोन वर्षांत तुमच्या वाडीतून नारू जाईल."

"मंग बंद करूया की," गुणाबाई म्हणाली. एवढं सोपं होतं ते.

पण बाव सरकारी. मागं एकदा भरमूनं आपल्या मतानं खालच्या दोन पायऱ्या मातीनं बुजवल्या होत्या, तर पाटलानं त्याला चावडीवर बोलावून सगळी माती परत उपसायला लावली. हुकूम हवा. हुकूम द्यायचा अधिकार पाणी कमिटीच्या साहेबांना होता. उपेंद्ररावांनी आपला एकशे चाळीस पानांचा इंग्रजी प्रबंध फीत बांधून साहेबांकडे पाठवला. चार महिन्यांनी तो जसा गेला तसा परत आला. फितीची गाठसुद्धा उपेंद्ररावांनी मारली होती तीच, कुणी सोडलेली नव्हती. ते बिचारे ती गाठ बघत आमच्या सोप्यात बसले होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढं शिकलेला माणूस, आणि साहेब एकशे चाळीस पानं वाचेल असं त्याला वाटलंच कसं?

मामंजी मात्र खुशीत आले. त्यांच्या अंगणातला खेळ होता हा.

"उपेंद्रराव, तुम्ही दीड वर्ष वाडीत घालवलंत. मला एक रविवार द्या."

तो रविवार मला अजून आठवतो. मामंजी विचारत होते, उपेंद्रराव सांगत होते, आणि प्रत्येक वाक्याला अडत होते.

"खालच्या वाडीत एकसष्ट घरं. त्यांतल्या बहुतेक अठ्ठावन्न घरांत..."

"बहुतेक अठ्ठावन्न? म्हणजे किती?"

"अठ्ठावन्नच. मी स्वतः मोजलीत. पण शास्त्रात असं एकदम ठाम म्हणत नाहीत."

"कचेरीत बहुतेक म्हणजे नाही. संभव आहे म्हणजे नाही. असे दिसते म्हणजे तर साफच नाही. साहेब अशा शब्दांच्या शोधात असतो. एक मऊ जागा सापडली की तिथं बोट घालून सगळा अर्ज उसवतो. काढा ते."

उपेंद्ररावांना ते फार जड गेलं. एक एक बहुतेक काढताना दात उपटल्यासारखा त्यांचा चेहरा होई. मी चहा देता देता मोजत होते, सतरा शब्द गेले. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस पानांचं एक पान झालं, तेही अर्धं. शेवटी उपेंद्ररावांनी सांगितलं, "आता लिहा, होळीपूर्वी पायऱ्या बंद करण्याचा हुकूम व्हावा. होळीनंतर नारू बाहेर यायला लागतात. तोवर झालं नाही तर अख्खा उन्हाळा पाणी पुन्हा नासेल, आणि पुढच्या वर्षी नवे पाय धरतील."

"होळीचं लिहितो," मामंजी म्हणाले. "पण साहेबाला नुसतं हुकूम द्या असं म्हणता येत नाही हो. दारात उभं राहून वाढा म्हटल्यासारखं होतं ते. ओळ जरा सजवावी लागते. ते माझ्यावर सोडा."

आणि त्यांनी बोरू शाईत बुडवून, श्वास रोखून, त्यांच्या सगळ्यात डौलदार वळणात शेवटची ओळ लिहिली. 'तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन, योग्य ती चौकशी करून, होळीपूर्वी सदर पायऱ्या बंद करण्याचा हुकूम द्यावा, ही नम्र विनंती.'

अडतीस वर्षं त्यांच्या प्रत्येक अर्जाची शेवटची ओळ हीच होती. बांधाचं भांडण असो, हरवलेला बैल असो, सुनेला कोंडून ठेवल्याची तक्रार असो. त्यांनी मला वाचायला दिलं. मी मोडी वाचते. खोटं कशाला सांगू, मला ती ओळ फार आवडली. तिच्यावाचून अर्ज उघडाबोडका वाटला असता. उपेंद्ररावांना मोडी नीट येत नव्हती, त्यांनी मामंजींवर भरवसा ठेवून सही केली. दुसऱ्या दिवशी गुणाबाई, भरमू आणि वाडीतली माणसं येऊन अंगठे उठवून गेली. मालूनंही उठवला. तो घ्यायचं काही कारण नव्हतं, पण तिनं हट्ट धरला आणि मामंजींनी घेतला. अंगठ्याची शाई तिनं आमच्या भिंतीला पुसली.

साहेबांची भेट मामंजींनीच मिळवून दिली, शिरस्तेदाराच्या हातापाया पडून. ते स्वतः आत जाऊ शकत नव्हते, अर्ज लिहिणाऱ्याला आत कोण घेतं? ते बाहेर व्हरांड्यात उपेंद्ररावांच्या जोड्यांजवळ उभे राहिले. उपेंद्रराव आत पंधरा मिनिटं बोलले आणि एकदाही बहुतेक म्हणाले नाहीत. साहेबांनी अर्ज सगळा वाचला, हे आणखी विशेष. साहेब वाईट माणूस नव्हता. हेच मला आजही सहन होत नाही. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

दहा दिवसांनी कागद शेरा होऊन बाहेर आला. डाव्या कोऱ्या बाजूला साहेबांचा मजकूर होता. 'अर्जदारांच्या विनंतीप्रमाणे प्रथम योग्य ती चौकशी व्हावी. अहवाल आल्यावर हुकुमाचा विचार करता येईल.'

मामंजी कागद घेऊन घरी आले ते दुपारच्या बाराला. या वेळी ते कधी घरी येत नसत. मी विचारलं, बरं नाही का. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला आणि बोट ठेवलं. आधी डाव्या बाजूला, मग उजवीकडे शेवटच्या ओळीवर. मला समजायला थोडा वेळ लागला. दीड वर्ष उन्हातान्हात सायकल मारून उपेंद्ररावांनी जे केलं, ती चौकशीच होती. तीच तर पोत्यानं आणून साहेबांच्या दारात ओतली होती. आणि वर आपणच हात जोडून म्हटलं होतं, चौकशी करा.

"सतरा शब्द काढले मी त्याचे," मामंजी म्हणाले. "सतरा. आणि माझा एक..."

मीही तो शब्द वाचला होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यानं त्यांना काही फरक पडला नाही.

उपेंद्ररावांची रजा संपली होती, ते पुण्याला निघाले होते. मामंजींनी स्टेशनवर जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "असू द्या पंत. चौकशी झाली तरी सत्यच बाहेर येईल ना?" त्यांचा सत्यावर फार भरवसा. मामंजींनी अडतीस वर्षांत सत्य बाहेर येताना पाहिलं नव्हतं, पण गाडी सुटत होती.

चौकशी निघाली. साहेबांकडून प्रांताकडे, प्रांताकडून मामलेदाराकडे, तिथून सर्कलकडे. मामंजी रोज एकेका टेबलापाशी जाऊन उभे राहत. आमचा कागद कुठवर आला? येतोय. होळी आली तेव्हा तो मामलेदार कचेरीत होता. पाडवा झाला, वळीव पडून गेले, आंबे संपले, कागद तिथंच. ते तिथं नुसतं विचारायला गेले तरी कारकून म्हणे, "पंत, तुम्हीच मागितली ना चौकशी? मग होऊ द्या की रीतसर." आणि इकडे त्या उन्हाळ्यात वाडीतल्या तेवीस माणसांना नारू निघाला, ती तशीच पायऱ्या उतरत राहिली. गुणाबाईचाही पाय धरला. ती अंथरुणाला खिळली म्हणून पाणी भरायला कोण? मालू. दिवसातून चार वेळा उतरायची आणि तहान लागली की तिथंच ओंजळीनं प्यायची. उपेंद्ररावांनी फडक्यानं गाळून प्या म्हणून सांगितलं होतं. घरात गाळतही होते. पण बावेत उतरलेली पोर ओंजळीला फडकं कुठलं लावते?

कागद तलाठ्याच्या हातात पडला तो श्रावणात. धो धो पाऊस. नारू हा उन्हाळ्याचा रोग, पावसात तो दिसत नाही. तलाठी चिखलातून वाडीत गेला, हेही कबूल केलं पाहिजे, घरी बसून लिहिलं नाही त्यानं. चावडीवर माणसं बोलावली आणि विचारलं, "आज कुणाच्या पायाला नारू हाय का?"

"आज न्हाय," माणसं म्हणाली. खरं तेच बोलली.

"बावेत पाणी कसं हाय?"

"लई हाय. काठोकाठ."

अहवाल गेला, 'समक्ष चौकशी केली. सदर वाडीत हल्ली नारूचा एकही रोगी नाही. विहिरीस पाणी मुबलक असून रयतेची तक्रार नाही.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नवरात्रात शेरा आला, 'दप्तरी दाखल.' म्हणजे कागद फडक्यात बांधून कपाटात ठेवून दिला. संपलं.

मामंजींनी आणखी तीन अर्ज लिहिले. चौकशी हा शब्द त्यांत कुठंही नव्हता. तिन्ही अर्जांच्या डाव्या बाजूला एकच ओळ आली, 'याबाबत पूर्वी चौकशी झालेली आहे.' मधल्या काळात साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी जुना कागद काढून पाहिला, त्यात काय दिसणार? अर्जदारांनी चौकशी मागितली, चौकशी झाली, रोग नाही. उपेंद्ररावांनी पुण्याहून प्रबंध पुन्हा पाठवला, तोही परत आला. मी मामंजींना म्हटलं, सरळ माणसं घेऊन रातोरात पायऱ्या फोडा ना. फोडल्या असत्या तर भरमूला माती उपसायला लावली तशा त्या परत बांधायला लावल्या असत्या, आणि वर खटले झाले असते. हे मलाही माहीत होतं. पण काहीतरी बोलल्यावाचून राहवत नव्हतं.

माघात मालूचं लग्न झालं. मच्छ्याला, चालत गेली. आमच्या दारात येऊन गेली, नव्या लुगड्यात, मला हात करून. पायऱ्यांवरून मात्र उडी मारली नाही. मला वाटलं सुटली.

जेठात एक दिवस गुणाबाई आली. त्या महिन्यात ती कधी येत नसे, म्हणून मी बघतच राहिले. पाय ओढत सोप्याच्या पायरीवर टेकली. बुट्टी रिकामी होती.

"आण्णा हाईत व्हय वैनीबाई?"

मामंजी बाहेर आले. तिनं एका दमात सांगितलं. लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोवर मालूच्या पायाला नारू निघाला, गुडघ्याच्या मागं. सासूनं घाईनं ओढला, तुटला. पाय एवढा सुजला. सूज उतरली, पण गुडघा सरळ होत नाही. सासरच्यांनी बैलगाडीत घालून आणून सोडली. बरी झाली की धाडा म्हणाले. दीड महिना झाला.

मामंजी खाली बसले. तिच्या शेजारी, पायरीवरच. आयुष्यात ते असे कुणाबरोबर पायरीवर बसले नव्हते.

"गुणाबाई, हे माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं कसं वो आण्णा?"

"मी अर्जात एक शब्द जास्तीचा घातला. चौकशी करून, असं लिहिलं. तो नसता तर कदाचित होळीच्या आत हुकूम झाला असता. पायऱ्या बंद झाल्या असत्या. तुझ्या पोरीचा पाय वाचला असता. तू मला काय बोलायचं ते बोल."

गुणाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. तिला राग आलेला दिसत नव्हता. तिला ते समजलंच नव्हतं.

"चौकशी तर चांगलीच की आण्णा. वाईट काय हाय त्यात? आमची कोन करतंय चौकशी? तुमी केलासा, त्या पुण्याच्या सायबानं केली. त्यो तलाठी बी पावसात आलता बगा, आज नारू हाय का म्हनून इचारत हुता. त्याच्या आदी आमच्यात कोन आलंय?"

मामंजी शाईनं काळं झालेलं बोट धोतराला पुसत राहिले. मी आत पळाले नाही, उभी राहिले. एवढं तरी करायला हवं होतं.

गुणाबाईनं पदराच्या गाठीतून घडी केलेला कोरा कागद काढला. वाण्याकडून मागून आणला असावा, कडेला तेलाचा डाग होता.

"मी त्याच्यासाटीच आल्तो आण्णा. पोर रोज वाटंकडं बगत बसतीया. मच्छ्याचं मानूस न्हाय, सांगावा न्हाय. तुमी त्यांना एक कागुद लिवा. त्यास्नी काय मागू नगा. न्हेयाचं बी लिवू नगा, त्ये न्हेनार न्हाईत, म्हाइत हाय मला. नुसतं लिवा, पोरीची चौकशी तरी करा म्हनावं. बास."

मामंजींनी मेज पुढं ओढलं. कागद सवयीनं मधोमध दुमडला, डावी बाजू कोरी ठेवली. चार ओळी लिहिल्या. शेवटच्या ओळीला बोरू थांबला. दौतीत बुडवला, पुन्हा थांबला. गुणाबाई कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ती शब्दाची वाट बघत होती.

"लिवलासा? चौकशी?"

"लिहितो," मामंजी म्हणाले, आणि लिहिलं. अक्षर वाकडं आलं. वाळू टाकायला विसरले, घडी करताना शाई दुसऱ्या बाजूला, कोऱ्या भागावर उमटली.

तो कागद मीच मच्छ्याच्या माणसाबरोबर पाठवला. पोचला, हे नक्की. उत्तर आलं नाही, चौकशीला कुणी गेलं नाही. मामंजी पुढं पाच वर्षं जगले आणि चिंचेखाली बसत राहिले. अर्जाची शेवटची ओळ आली की ते अर्जदाराला विचारत, "तुम्हाला काय हवं ते तुम्हीच सांगा, मी तेवढंच लिहितो." माणसं बावरून म्हणत, "तुमीच बगून घाला की पंत, रीतीपरमानं."